क्लचबाईचा डावा पाय

माझ्या मावशीला सगळं गाव क्लचबाई म्हणतं. तोंडावर कुणी म्हणत नाही, तेवढी कुणाची छाती नाही. पण तिला ते ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवण्यात तिची उभी हयात गेली. आमच्याकडचा न्हावी, शाळेचे हेडमास्तर, हाडांचे डॉक्टर, पोस्टातल्या दोघी बहिणी, सगळे तिच्या हाताखालून गेलेले. हाताखालून म्हणजे खरं तर तोंडाखालून. "क्लच! अहो, क्लच! आधी क्लच, मग विचार!" हे ज्याने ऐकलं नाही असा लायसनवाला माणूस इथे शोधून सापडायचा नाही. मीही ऐकलंय. भाची म्हणून सूट वगैरे काही नाही, उलट दोन शब्द जास्तच.

तर ही मावशी निवृत्त झाली आणि दुसऱ्याच आठवड्यात म्हणाली, "मी स्पोर्ट्स कार घेणार आहे."

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलायच्या आणि विचारायचं, ही बरी की ही? आता? आणि आता? त्यामुळे कुणी दोन गोष्टींमध्ये अडकलं की मला राहवत नाही. त्यांनी कोणती निवडली आणि का, हे कळल्याशिवाय रात्रीची झोप लागत नाही. मी याला जिज्ञासा म्हणते. मावशी याला नाक खुपसणं म्हणते. नाव काहीही द्या, पण या गाडीच्या प्रकरणात मी पहिल्या दिवसापासून होते.

पहिला प्रश्न अर्थातच हा, की स्पोर्ट्स कारच का?

"मागची सीट नसते म्हणून," मावशी म्हणाली.

मला वाटलं चेष्टा करतेय. पण तिने समजावून सांगितलं. स्कूलच्या गाडीत मागच्या सीटवर नेहमी आपल्या पाळीची वाट बघणारे दोघं बसलेले. पुढचा चुकला की ते हसणार, पुढच्याला सल्ले देणार, आणि स्वतःची पाळी आली की गाडी फुटपाथवर चढवणार. "इतकी वर्षं मानेवर दोन माणसं श्वास सोडत होती गं. आता मला अशी गाडी पाहिजे जिच्यात मागे फक्त हवा असेल."

दुसरं कारण गिअरचं. शिकाऊ माणसाला घेऊन बाजारातून फिरायचं म्हणजे पहिला, दुसरा आणि फारच हुशार विद्यार्थी असला तर तिसरा. चौथा गिअर पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबश्यांसारखा, होता पण निघत नव्हता.

आणि तिसरं कारण तिने सांगितलं नाही, ते मीच ताडलं. शिकवणाऱ्याच्या सीटपुढे दोन जादाची पेडल असतात, एक क्लचचं आणि एक ब्रेकचं. शिकणारा घाबरला की शिकवणाऱ्याने ती दाबायची आणि सगळ्यांचे जीव वाचवायचे. स्टिअरिंग मात्र समोरच्याकडे, अॅक्सिलरेटरही समोरच्याकडे. संध्याकाळी गाडी स्कूलच्या शेडमध्ये लावायची आणि मावशीने बसने घरी यायचं. गावाला गाड्या चालवायला शिकवणाऱ्या बाईची स्वतःची गाडी कधीच नव्हती. कधी कुणाच्या लग्नाकार्यात कुणाची गाडी हलवून लावायची, तेवढंच तिचं स्टिअरिंग.

गाव फार मोठं नाही. जुन्या गाड्या विकणारा एकच, आणि तोही अर्थातच मावशीचा विद्यार्थी. त्याच्या आवारात योगायोगाने एकाच कंपनीच्या, एकाच आकाराच्या दोन ठेंगण्या स्पोर्ट्स कार उभ्या होत्या. दोन्ही राखाडी, दोन्ही दोन माणसांच्या. फरक एवढाच, की एक गिअरची आणि एक ऑटोमॅटिक.

"तुमच्यासाठी गिअरचीच, मॅडम," गाडीवाला म्हणाला. "यात विचार कसला करायचा?"

सगळं गावही हेच म्हणत होतं. न्हाव्याने तर कात्री हवेत धरून जाहीर केलं, "क्लचबाईंनी बिनक्लचची गाडी घेतली, तर आम्ही इतकी वर्षं कशासाठी बोलणी खाल्ली?" मुद्दा बिनतोड होता.

विरोधात बोलणारे एकच, हाडांचे डॉक्टर. मावशीचा डावा गुडघा झिजला होता. सारखा पाय उचलून क्लच दाबायचा, धरून ठेवायचा, हळूच सोडायचा, तेही शेजारच्या सीटवर तिरकं बसून. "क्लच मारत राहिलात तर हा गुडघा दोन वर्षं साथ देईल, फार तर तीन," डॉक्टर म्हणाले. "मग जिना चढतानाही हाताने उचलावा लागेल. आणि असल्या गाडीचा क्लच जड असतो, हे तुम्हीच मला शिकवलंय." मावशी तिसऱ्या मजल्यावर राहते आणि तिथे लिफ्ट नाही. म्हणजे एकीकडे तिचा क्लच आणि दुसरीकडे तिचा जिना, असा सरळ हिशेब होता.

मावशीला मात्र हिशेबापेक्षा कुतूहल जास्त. ती ऑटोमॅटिक गाडीभोवती फिरत राहिली. वाकता येत नाही तरी वाकून खाली बघितलं. मग गाडीवाल्याला प्रश्न सुरू.

"हिला कसं कळतं, आता दुसरा टाकायचा म्हणून?"

"आत कॉम्प्युटर असतो, मॅडम. वेग बघतो, इंजिन किती फिरतंय ते बघतो, तुम्ही पाय किती दाबलाय ते बघतो."

"आणि चढ आला तर?"

"तेही कळतं."

"ट्रक ओलांडताना मी आधीच खालचा गिअर टाकून तयार असते. ट्रक पुढे आहे हे हिला दिसतं का?"

गाडीवाला जरा अडखळला. "दिसत नाही. पण तुम्ही पाय दाबला की ती डोळ्याचं पातं लवायच्या आत खाली येते. माणसाच्या हातापेक्षा लवकर. आणि तुम्हालाच टाकायचा असेल तर स्टिअरिंगमागे ह्या दोन पट्ट्या आहेत, बोटाने ओढायच्या."

"म्हणजे पोरगी हुशार आहे, पण पुढचं बघत नाही. सांगितलं की मात्र पटकन करते," मावशी म्हणाली. "असे विद्यार्थी मला आवडायचे." आणि तिने किल्ली मागितली.

गाडीवाला शेजारी बसला, मी आवारात उभी राहिले. गाडी सुरू झाली, आवाज अगदी पोटातून आल्यासारखा. ती सुबकपणे फाटकाकडे निघाली, वेग धरला, इंजिनाचा आवाज चढला, आणि गिअर बदलायची वेळ झाली असं मलाही बाहेर उभं राहून वाटलं. त्याच क्षणी गाडी जागच्या जागी थडकन थांबली. भिंत नाही, कुत्रं नाही, समोर काहीही नाही. गाडीवाल्याचा चष्मा पुढच्या काचेवर आपटून खाली पडला.

काय झालं ते मला लगेच कळलं, कारण कुणालाही कळलं असतं. गिअर बदलायची वेळ आली आणि मावशीचा डावा पाय न विचारता क्लचवर गेला. तिथे क्लच नव्हता. तिथे ब्रेकचं रुंद पेडल होतं. क्लच जसा तळापर्यंत दाबायचा असतो, तसा तिने ब्रेक तळापर्यंत दाबला.

पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिने पाय धरून ठेवला, फाटकातून बाहेरही गेली, आणि वळणावर एक सायकलवाला आडवा येताच दोन्ही पाय एकदम खाली. मागून येणारा टेम्पो थोडक्यात वाचला. टेम्पोवाल्याने खिडकीतून डोकं काढून विचारलं, "ओ बाई, कुणी शिकवली गाडी?"

मावशीचा चेहरा असा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. मी मुकाट्याने गाडीवाल्याच्या चष्म्याची वाकडी झालेली काडी सरळ करत बसले. हसायला मला नेहमी येतं, पण त्या दिवशी आलं नाही.

मग गिअरच्या गाडीची पाळी. या वेळी शेजारी मी. काय सांगू, ती गाडी चालवत नव्हती, गाडीशी बोलत होती. गिअर कधी बदलला ते आवाजावरून कळावं, अंगाला कळू नये. गोदामांमागच्या लांब सरळ रस्त्यावर तिने चौथा टाकला, पाचवा टाकला आणि मग माझ्याकडे बघून, खट्याळ पोरीसारखं, सहावा टाकला. मी जीव मुठीत धरला होता आणि ती मोठ्याने हसत होती. मला वाटलं, झालं, निकाल लागला.

पण परतीचा रस्ता बाजारातून होता. तिथे पाच पावलं पुढे, थांबा. पाच पावलं पुढे, थांबा. दर वेळी क्लच. मावशीचं हसणं हळूहळू आटलं. ओठ घट्ट मिटले. आवारात पोचलो तेव्हा तिने इंजिन बंद केलं आणि तशीच बसून राहिली. मी उतरून तिच्या बाजूला गेले. तिने डावी मांडी दोन्ही हातांनी धरली आणि एखादी पिशवी उचलावी तसा पाय उचलून बाहेर ठेवला.

"तुला गंमत सांगू?" ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते तिने लपवलं नाही. "हा पाय कधी माझ्यासाठी चाललाच नाही. इतकी वर्षं हा दुसऱ्याच्या चुकीची वाट बघत टपून बसलेला. आता मला वाटलं, जरा माझ्यासाठी चालेल, तर चालत नाही. आणि बस म्हटलं, तर बसत नाही. राहू दे. मला गाडीच नको."

मला रडू फुटलं. गाडीवाल्याने दोन्ही किल्ल्या खिशात टाकल्या आणि उगाच एका टायरला लाथ मारली.

आता काकांबद्दल सांगायला हवं. मावशीचे यजमान शिंपी आहेत. बोलणं कमी, शिवण बारीक. सगळ्या गावाला गाडी शिकवणाऱ्या बाईच्या नवऱ्याला गाडी येत नाही, हा आमच्याकडे जुना विनोद आहे. लग्नानंतर एकदा दोघांनी प्रयत्न केला होता म्हणतात. गाडी चौकात सोडून दोघं वेगवेगळ्या फुटपाथने चालत घरी आले. त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही.

त्या संध्याकाळी मी मावशीबरोबर घरी गेले. तिसऱ्या मजल्यावर पोचायला आम्हाला बराच वेळ लागला. काका मशीनवर बसले होते. मावशीने सगळं सांगितलं, टेम्पोवाल्यासकट. काकांनी दोरा दातांनी तोडला आणि मशीनखाली बोट दाखवलं.

"माझे पाय आठवतात का तुला, मोटर लावली तेव्हाचे?"

मावशीने कपाळावर हात मारला आणि हसली. मला काहीच कळेना. माझं कुतूहल लगेच जागं झालं, रडं कुठल्या कुठे पळालं. "कसले पाय? मला सांगा ना, काका!"

काकांचं मशीन पूर्वी पायाचं होतं. खाली लोखंडी जाळीची पट्टी, ती दोन्ही पायांनी हलवायची. मग त्यांनी मशीनला मोटर लावून घेतली. आता एका पायाने बटण दाबलं की झालं. पण दुसरा पाय ऐकेना. तो आपला हवेत पुढे-मागे, पुढे-मागे. गिऱ्हाईकं हसायची. पाय कधी बटणावर आपटायचा आणि मशीन सुसाट सुटायचं, एका नवरदेवाच्या कोटाची बाही काकांनी खिशाला शिवली होती.

"मग थांबला कसा?" मी विचारलं.

"मी त्याला गप्प बस म्हणत होतो, तोपर्यंत थांबला नाही," काका म्हणाले. "रिकाम्या पायाला दम देऊन उपयोग नसतो. त्याला जागा द्यावी लागते. मी खाली एक उशी ठेवली. पाय तिच्यावर ठेवायचा आणि हलावंसं वाटलं की ती दाबायची. हलू दे की, कुणाचं काय जातंय. महिनाभर दाबत होता. मग त्यालाच कंटाळा आला."

मावशीच्या कपाळावर आठी, डोळे बारीक. एखादा नवा विद्यार्थी कुठे चुकतोय ते शोधताना ती अशीच दिसायची.

"सुटी उशी नाही चालणार," ती म्हणाली. "सरकून ब्रेकखाली गेली तर? मेलेच मी."

"मी सुटी कशाला देतोय?" काका म्हणाले. "पायाखालच्या मॅटवरच शिवतो."

दुसऱ्या दिवशी काकांनी जाड कॉरड्रॉयच्या कापडाची, कापूस ठासून भरलेली उशी शिवली. गाडीवाल्याकडून ऑटोमॅटिक गाडीची मॅट मागवली आणि पाय टेकायची जागा खडूने आखून उशी तिच्यावर दाभणाने शिवून टाकली. मॅट गाडीत बसवल्यावर मावशीने ती ओढून पाहिली, पायाने ढकलून पाहिली, पेडलपासून किती लांब आहे ते हाताने मापलं. कामात कसूर काढायची तिची सवय नवऱ्यालाही माफ करत नाही. शेवटी म्हणाली, "ठीक आहे," आणि काकांना हे प्रशस्तिपत्रकासारखं वाटलं.

पण उशी पुरेशी नव्हती. कुणीतरी शेजारी बसून सांगायलाही हवं होतं. मी लगेच तयार झाले. मावशीने मला बाजूला सारलं.

"तू बसायची नाहीस. अहो, तुम्ही बसा."

काका म्हणाले, "मला गाडीतलं काय कळतं?"

"काही कळायची गरज नाही. डावा पाय हलला की ओरडायचं. एवढंच."

गाडीवाल्याच्या मागच्या रिकाम्या आवारात त्यांची शिकवणी सुरू झाली. आम्ही सगळे भिंतीवर कोपरं टेकून बघायचो; न्हावी तर दुकान बंद करून यायचा. काका शेजारच्या सीटवर ताठ बसलेले, नजर मावशीच्या पायावर खिळलेली, आणि जन्मात कधी चढला नव्हता असा आवाज चढवून ओरडत, "डावा! अगं, डावा! उशीवर! उशीवर!" मावशी लाल होऊन, "कळतंय हो मला!" आणि मग पुन्हा थडकन ब्रेक. एकदा तर ती उतरून फाटकापर्यंत चालत गेली. काकाही उतरले. मला वाटलं, आता पुन्हा वेगवेगळ्या फुटपाथने घरी. पण फाटकाशी पोचून ती वळली आणि म्हणाली, "शिकणाऱ्याला असं वाटतं होय!" आणि परत येऊन बसली.

हळूहळू अंगवळणी पडलं. गिअर बदलायची वेळ आली की डावा पाय उशीवर दाबला जायचा आणि उजवा आपलं काम करायचा. गाडी न अडखळता आवाराला फेऱ्या मारू लागली. मग रस्त्यावर. मग बाजारातून. शेवटी एक दिवस मावशीने ऑटोमॅटिकच्या किल्ल्या घेतल्या आणि परत दिल्या नाहीत.

न्हावी रागावला. "म्हणजे क्लच गेला तो गेलाच?"

"माझ्यापुरता गेला," मावशी म्हणाली. "तुम्ही मात्र क्लचवर पाय ठेवून गाडी चालवायची सोडलेली नाही, मी परवाच पाहिलंय." न्हावी कात्री शोधायला लागला.

मला तिच्या शेजारी बसायला मिळालं ते बऱ्याच दिवसांनी, एका रविवारी. ठेंगणी सीट, मागे नुसती हवा. गोदामांमागच्या रस्त्यावर तिने गाडी मोकळी सोडली. गिअर आपापले वर जात होते आणि ती गुणगुणत होती. पाय उशीवर निवांत होता. मी मनात म्हटलं, चला, निकाल लागला, आता मला झोप लागेल.

येताना आम्ही पाण्याच्या टाकीकडच्या चढावर आलो. हाच तो चढ, जिथे मावशी प्रत्येकाला मधोमध थांबायला लावायची आणि गाडी मागे न घसरता उचलायला शिकवायची. सगळ्या गावाला तिथे घाम फुटलेला आहे. आज सिग्नल लाल होता आणि आमच्या बरोबर पुढे स्कूलची गाडी उभी होती, जुनीच, शेजारी नवा शिकवणारा. स्टिअरिंगवर एक मुलगी. सिग्नल हिरवा झाला. गाडीने आचका दिला आणि बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा आचका, आणि जराशी मागे घसरली, आमच्या नाकापर्यंत. मागून हॉर्न सुरू झाले.

मावशीने हॉर्न वाजवला नाही. आमची गाडी जागेवर उभी होती, उजवा पाय ब्रेकवर. मावशी मात्र त्या मुलीच्या मानेकडे एकटक बघत होती. मी खाली पाहिलं. तिचा डावा पाय उशीत पार तळापर्यंत रुतला होता. मग तो सुटायला लागला, अगदी सावकाश, केसभर, अजून केसभर, आणि अर्ध्यावर येऊन थबकला. तिचा श्वासही थबकला होता. पुढच्या गाडीचा मागचा भाग थोडा खाली बसला, गाडी थरथरली, आणि घसरली नाही. चढून गेली.

मावशीने पाय पूर्ण सोडला.

"मावशी," मी म्हटलं, "क्लच कुणाचा सोडलास?"

तिने खाली पाहिलं तेव्हा तिला कळलं. जरा ओशाळली, मग डोळे पुसले. "त्या पोरीचं सुटत नव्हतं गं."

मागचा हॉर्न वाजवून वाजवून थकला होता. मावशीने ब्रेकवरचा पाय उचलला आणि आमची गाडी आपोआप चढ चढायला लागली.

"उशी दबलीय," ती म्हणाली. "यांना सांगायला हवं, थोडा कापूस अजून भरा म्हणून."